थोरलीची ओटी

कांदा कुजतो, बटाटा कुजतो, पावसाळ्यात पन्हाळ्यावर पायातली चप्पलसुद्धा कुजते. त्याचं कुणी मनाला लावून घेत नाही. पण एखादी जिवंत वस्तू कुणाच्या तरी हुकमावरून, ठरल्या वेळी कुजायला लागली तर? जयमालाताई सरनोबतांचं डोकं फिरलं ते याच गोष्टीवरून. आणि त्यांचं फिरलेलं डोकं ताळ्यावर आणणारा जो एकच माणूस होता, तो भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसला होता.

श्रावणातली सकाळ होती. धुकं खिडकीतून थेट घरात शिरलं होतं. जयमालाताईंनी पलंगाखालचा वाळूचा खोका पुढं ओढला, डेलियाचे कंद तपासायला आत हात घातला, आणि तो मनगटापर्यंत गिळगिळीत लगद्यात गेला. उन्हाळाभर जिवापाड जपलेले कंद! हाताला लागली ती नुसती साल आणि आंबूस घाण.

"आत्ता गं बया!" घरात ऐकायला कुणी नसताना त्या ओरडल्या, आणि तसाच बरबटलेला हात फोनच्या कॅमेऱ्यापुढं धरून त्यांनी पुण्याला लेकीला फोन लावला. "बघ. बघ तुझ्या कंपनीचे प्रताप! सलग तिसरं वर्ष."

गार्गी प्रयोगशाळेत होती. तिनं आवाज खाली आणला. "आई, किती वेळा सांगू? तो कंद कुजणारच. तसाच बनवलाय तो. पुढच्या महिन्यात नवे येतील ना, मी पाठवते."

"नवे कशाला? माझी थोरली मला माझ्या घरात पाहिजे. दरसाल दुकानातनं आणायची, ती काय उदबत्ती आहे?"

गार्गीनं फोन ठेवला होता.

आता थोरली म्हणजे कोण, ते सांगायला हवं. जयमालाताईंची हयात कोल्हापुरातल्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून गेली. निवृत्त होऊन त्या गडावर राहायला आल्या तरी गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं. यजमान विलासराव एसटीत ड्रायव्हर. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, नाद एकच, डेलियाचा. मुक्कामाची गाडी घेऊन जातील तिथून डब्यातून कंद घेऊन यायचे. हे झाड मुळात मेक्सिकोच्या डोंगरांतलं, पण पन्हाळ्याची थंडी त्याला मानवली. विलासराव रंगाच्या कुंचल्यानं या फुलाचा पराग त्या फुलाला लावत बसायचे आणि शेजारीपाजारी हसायचे. हसता हसता एके वर्षी एक रोप असं निघालं की हसणारेच कुंपणावर गर्दी करून उभे राहिले. जेवणाच्या ताटाएवढं फूल, पिकल्या जांभळाचा रंग, आणि प्रत्येक पाकळीचं टोक दुधात बुडवून काढल्यासारखं पांढरं. तोवर घरात मूलबाळ नव्हतं. विलासराव म्हणाले, "ही आपली थोरली." दोन वर्षांनी गार्गी जन्मली ती आपसूकच धाकटी झाली. "थोरलीला पाणी घातलं का? मग आता धाकटीला दूध द्या," अशी त्या घरातली भाषा. लहानपणी गार्गीनं रागानं थोरलीची कळी तोडली होती आणि मग स्वतःच दिवसभर रडली होती. पुढं ती वनस्पतिशास्त्र शिकली, ते याच बहिणीच्या पायी.

विलासराव गेले, आणि पाठोपाठच्या पावसाळ्यात कंदांना अशी कूज लागली की त्यांनी जमवलेले सगळे कंद संपले. थोरलीचा एकच वाचला. तो गार्गी पुण्याला घेऊन गेली. 'पुष्पयुग' नावाच्या कंपनीत ती तेव्हा नुकतीच लागली होती. तिथं काचेच्या बाटल्यांत तिनं एका कंदाची हजारो रोपं केली, थोरली वाचवली. खोटं कशाला बोला, तिनंच वाचवली. पण कंपनी म्हणजे काय माहेर नव्हे. कंपनीनं थोरलीचं नाव बदललं, तिला पेटंट लावलं आणि बाजारात सोडायच्या आधी तिच्या पोटात कुलूप घातलं.

ते कुलूप कसलं, हे जयमालाताईंना गणपतीत कळलं. गार्गी सणाला आली होती आणि जयमालाताई चुलीपाशी पेरूची जेली ढवळत उभ्या होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, आणि गार्गीनं अगदी लहानपणीच्या उत्साहानं सांगायला घेतलं.

"ही जेली कशानं जमते? पेरूतल्या पेक्टिननं. तेच पेक्टिन झाडाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवतं. भिंतीच्या विटांमधलं सिमेंट समज. आम्ही या कंदात पेक्टिन विरघळवणारं एक जनुक बसवलंय. एरवी ते झोपलेलं असतं. झाड फुलून गेलं, आणि तू कंद जमिनीतून काढून सुकत ठेवलास, की ते जागं होतं. सिमेंट विरघळतं, विटा सुट्या होतात. मग जंतूंना काय, आयतं वाढलेलं ताट. म्हणजे दरवर्षी नवीन कंद घ्यावा लागतो."

"आणि डोळा?" जयमालाताईंनी विचारलं. उसाच्या कांड्याला असतो तसाच डेलियाच्या कंदालाही डोळा असतो, मानेपाशी. पुढच्या सालचा कोंब तिथूनच फुटतो.

"डोळ्यात ते जागं होत नाही. झालं तर झाड उगवायच्या आधीच मरेल, मग विकायचं काय? ज्या पेशीत अन्नाचा साठा भरलाय, तिथंच ते जागं होतं. डोळ्यात साठा नसतो. डोळा बिचारा शेवटपर्यंत जिवंत असतो. घर अंगावर कोसळलं की मग उपाशी मरतो." एवढं बोलून गार्गी थांबली. आईच्या हातातला डाव थांबला होता. "आई, तुझ्या डोक्यात काय चाललंय?"

"जेली," जयमालाताई म्हणाल्या.

डोक्यात जेली नव्हती हे सांगायला नकोच. एखाद्याचं घर कोसळलं तर माणसं काय करतात? दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवतात. पन्हाळ्यात घराघरांच्या मोरीपाशी, फुटक्या बादलीत नाहीतर तुपाच्या डब्यात, एक लाल डेलिया असतो. बुटका, बटणाएवढ्या फुलांचा. तो कुणी विकत आणलेला नाही, त्याला कुणी खत घालत नाही, भांडी विसळलेल्या पाण्यावर जगतो. पाहुण्यांना कुणी तो दाखवत नाही. पण त्याचा कंद कधी कुजलेला कुणी पाहिला नव्हता. थोरलीचा डोळा कापून या लालड्याच्या पोटात बसवला तर?

नवे कंद आले, लावले, थंडीत फुलले. मार्चात झाडं सुकली, कंद वर काढले, आणि चैत्र उजाडायच्या आत ते मऊ पडायला लागले. जयमालाताईंनी बाह्या सरसावल्या. अंगठ्यानं दाबून दाबून कुठला कंद कुठवर गेलाय ते पाहिलं, कुजका भाग कापून टाकला, आणि डोळा वेगळा काढला. लालड्याचे स्वतःचे डोळे खरवडून काढले, त्याच्या अंगात खाच घेतली, खाचेत थोरलीचा डोळा बसवला आणि वरून कापडाची पट्टी आवळली. काम झकास झालं. इस्पितळातले डॉक्टर बघते तर शाबासकी देते.

सगळे मेले. एकूण एक! कारण बाईंनी हयातभराची सवय म्हणून पातं स्पिरिटमधून काढलं, कंद स्पिरिटनं पुसले, खाचेत वर आणखी जंतुनाशक ओतलं. सगळं निर्जंतुक झालं, थोरलीच्या डोळ्यांसकट. जयमालाताई कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "अगं भवाने, अपेंडिक्स काढत होतीस काय?" मग उरलेले चारदोन डोळे त्यांनी विलासरावांच्या पद्धतीनं हाताळले, म्हणजे बंबातल्या राखेत घोळवले, आणि देवाचं नाव घेतलं. त्यातले दोन जगले. बाकीच्यांच्या बुडाशी थोरलीचं पिठूळ मांस राहून गेलं होतं, त्यात कुलूपही आलं होतं, आणि ते नव्या घरातही कुजले. डोळा हवा, पण मांस नखाएवढंही नको. आणि जास्त खरवडावं तर डोळाच दुखावतो. असलं ते नाजूक काम.

त्या दिवाळीनंतर जयमालाताईंच्या अंगणात दोन थोरल्या फुलल्या. दुकानातून न आणलेल्या, स्वतःच्या पायांवर, म्हणजे खरं तर लालड्याच्या पायांवर उभ्या. जयमालाताई खुर्ची टाकून समोर बसल्या आणि फोटोतल्या विलासरावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "आली बघा पोरगी घरी!"

आनंद आठवडाभर टिकला. पुष्पयुगची यंत्रं थंडीत गावागावांवरून फिरत. लोक त्यांना राखणदार म्हणायचे. घारीएवढं उडतं यंत्र, पोटाला डोळा. कंपनीच्या फुलांच्या पाकळ्यांत, आणि कंदाच्या डोळ्यातही, एक खूण असते. आपल्याला दिसत नाही, अतिनील उजेडात चमकते, आणि दरवर्षीच्या मालाची खूण वेगळी. राखणदार जयमालाताईंच्या अंगणावर आला, दोन फुलांवर घुटमळला, आणि त्याला कळलं की ही गेल्या सालची खूण आहे. गेल्या सालचं फूल यंदा फुलणं हा कायद्यानं गुन्हा होता.

दुसऱ्या दिवशी सुजय पोवार आला. हा गडावरचाच मुलगा, शेजारच्या पोवारवहिनींचा, पुष्पयुगच्या संरक्षण विभागात लागला होता. छातीवर कंपनीचा बिल्ला, बिल्ल्यात कॅमेरा, कॅमेऱ्यातलं सगळं थेट पुण्याला दिसणार. तो ओशाळून दारातच उभा राहिला.

"काकू, ही झाडं बेकायदा आहेत. परवाना एकाच हंगामाचा असतो. आत्ता फुलं असू देत, पण कंद काढले की चैत्रात कंपनीच्या ताब्यात द्यायचे, असा आदेश आहे."

"सुजय, तुला लहानपणी गोवर आला तेव्हा रात्रभर उशाशी कोण बसलं होतं?"

"तुम्ही."

"मग बस, चहा घे. आणि त्या बिल्ल्याला सांग, सिस्टर कंद देणार नाही."

सुजयनं बिल्ल्यावर हात ठेवला, पण पुण्याला जे ऐकू जायचं ते गेलंच.

संक्रांतीच्या आधी गार्गी आली. पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नाही. "आई, तू काय केलंयस तुला कळतंय? हे कुलूप कुठं कच्चं आहे हे बाहेरच्या कुणालाच माहीत नव्हतं. मी तुला जेली ढवळताना सांगितलं. आता चौकशी माझी होणार."

"मग सांग त्यांना, आई चोर आहे म्हणून."

"थट्टा नको. नवीन प्रयोगशाळा माझ्या हाती देणार होते ते. इतक्या वर्षांची मेहनत आहे माझी. तुला त्या फुलाची पडलीय. पोरीची नाही. पहिल्यापासून तसंच आहे या घरात!"

जयमालाताईंना ते लागलं. पण त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. "दोन्ही माझ्याच पोरी. एकीला उपाशी मारून दुसरीला बढती कशी मिळू देऊ? गार्गे, तू तिला वाचवायला म्हणून नेलीस. आणि मरायची सवय लावून परत पाठवलीस."

"कंपनीनं ठरवलं ते. मी एकटी काय करणार होते?"

"ते मला काय माहीत? मी ठरवलंय, मी एकटी काय करायचं ते."

गार्गी न जेवता गेली. तिच्यासाठी काढलेली गुळपोळी पानात तशीच राहिली. जयमालाताईंनी स्वतःसाठी चहा ओतायला घेतला तर बशीत सांडला. पुन्हा ओतला, पुन्हा सांडला. उजवा हात थरथरत होता. थोडासाच, पण ही थरथर त्यांच्या ओळखीची होती. असल्या थरथरीनं चांगल्या चांगल्या सर्जनांनी कात्री खाली ठेवलेली त्यांनी बघितली होती. आणि त्यांना एक गोष्ट लख्ख समजली. थोरलीचं कुलूप तुटलेलं नाही, तुटणारही नाही. लालड्यावर बसवलेली थोरली फुलली तरी तिच्या मुळाशी धरणारे तिचे नवे कंद पुन्हा कुजकेच. दरसाल कुणीतरी बसून डोळा काढायचा, दरसाल दुसऱ्याच्या पोटात घालायचा. एक वर्ष हात थांबला की थोरली संपली. आणि हा हात किती वर्षं चालणार?

चैत्र लागला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, चैत्रात गौर माहेराला येते. महिनाभर पाळण्यात बसते, लाड करून घेते, आणि तेवढ्यात एखाद्या दिवशी घरोघरच्या बायका हळदीकुंकवाला बोलावतात. कैरीची डाळ, पन्हं, आणि ओटीत भिजवलेले हरभरे. जयमालाताईंनी विलासराव गेल्यापासून गौर बसवली नव्हती. लोक काय म्हणतील? त्या वर्षी बसवली. आणि निरोप धाडला तो सगळ्या गडाला: सवाष्ण, विधवा, कुमारिका, कुणीही या. येताना, दरसाल कंपनीकडून विकत घेता त्या थोरलीचे कुजायला लागलेले कंद आणा, आणि मोरीकडचा लालड्या उपटून आणा.

"सिस्टर, गौर माहेराला आलीय का सरकारी दवाखान्यात?" पोवारवहिनींनी दारातूनच नाकाला पदर लावला. माजघरात एका बाजूला पाळण्यातली गौर, पुढं कलिंगडाची कापलेली कमळं. दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्रांवर गावभरचे नासके कंद. कैरीच्या वासात कुजका वास असा मिसळला होता की दोन्ही ओळखू येत नव्हते.

"दवाखान्यातच आलीय असं समजा, वहिनी. बसा. ही राख पुढं घ्या."

जयमालाताई सकाळपासून कापत होत्या. कापायचं, घोळवायचं, खाचेत बसवायचं, पट्टी बांधायची, आणि समोर बसलेल्या बाईच्या ओटीत घालायचं. हरभऱ्यांऐवजी पट्टी बांधलेला कंद. "दरसाल असंच करायचं. आपलं आपण करायचं. कुणाच्या बापाला विचारायचं नाही." हात थरथरला की त्या मांडीवर दाबून धरत आणि पुन्हा पातं घेत. बायका बघत होत्या.

तेवढ्यात फाटकाशी कंपनीची गाडी थांबली. सुजय उतरला, आणि मागच्या दारातून गार्गी. अंगात कंपनीचा पांढरा कोट, हातात अतिनील उजेडाची विजेरी. आईच्या घरातला माल ओळखून द्यायला कंपनीनं मुद्दाम लेकीलाच पाठवलं होतं. चौकशीत तिला सांगितलं होतं, ओळखून दे, मग प्रयोगशाळा तुझी.

जयमालाताईंनी वर पाहिलं. "आलीस? पाय धू. गौर बसलीय."

गार्गीनं पाय धुतले. आत येऊन बायकांच्या रांगेपुढं उकिडवी बसली आणि एकेकीच्या ओटीवर विजेरी धरत गेली. पट्टीच्या फटीतून डोळा निळा चमकायचा. थोरली, थोरली, थोरली. पोवारवहिनींच्या ओटीतला चमकला तेव्हा सुजयनं मान फिरवली.

"मॅडम, मग काय लिहू?" त्यानं विचारलं.

गार्गीनं एक कंद उचलला, पट्टी सोडली, डोळा उलटा करून पाहिला. मग दुसरा. मग तिसरा. "हे सगळे मरणार," ती म्हणाली. "काप चुकलाय. बुडाला मांस राहिलंय. पावसाळ्यापर्यंत एकसुद्धा शिल्लक राहणार नाही."

सुजयचा चेहरा उजळला. "मग जप्तीची गरजच नाही! सगळे मृत, असं लिहितो. कुणावर कारवाई नाही, काही नाही. सुटलो, मॅडम!"

सगळेच सुटले होते. सुजयच्या आईवर खटला होणार नव्हता, गार्गीची प्रयोगशाळा तिला मिळणार होती, आणि सिस्टर चोर ठरणार नव्हत्या. फक्त थोरली मरणार होती, तीही कुणी न मारता, आपसूक. जयमालाताईंनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं काप चुकलाय. त्यांनी थरथरता हात पदराखाली घेतला, पण गार्गीनं तो पाहिला होता.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"संक्रांतीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू जेवली नव्हतीस," जयमालाताई म्हणाल्या.

गार्गीनं विजेरी बंद करून खाली ठेवली, कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि आईपुढं हात केला. "पातं दे इकडं."

"मॅडम!" सुजय दचकला. "कॅमेरा चालू आहे. पुण्यात सगळे बघतायत."

"बघू देत. जरा पुढं ये, नीट दिसलं पाहिजे." तिनं एक मऊ पडलेला कंद हातात घेतला आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात बोलायला लागली, बायकांशी आणि बिल्ल्याशीही. "आई इथनं कापते, पोटाच्या बाजूनं. इथं साठा असतो, म्हणून कुलूप सोबत येतं. पोटाकडनं कापायचंच नाही. ही मान बघा. चिवट असते, दोरीसारखी. हिच्यात साठा नसतो. मानेवरून, सालीकडनं, वरच्या वर असा तासून घ्यायचा. डोळ्यासकट साल निघते, मांस येतच नाही. खरवडायला नको, हात स्थिर असायलाही नको. माझ्या विभागात हे तिघांना माहीत होतं. आता तुम्हाला माहीत झालं."

"मॅडम, मला हे बघता येत नाही," सुजय काकुळतीला आला.

"मग डोळे मीट की लेका," पोवारवहिनी म्हणाल्या, "पण छाती पुढं ठेव. मला मागनं दिसत नाही ते नाही, पण पुण्याच्या लोकांचं अडायला नको!"

माजघर हसलं. सुजयच्या कानातल्या यंत्रातून कुणीतरी ओरडत होतं, बिल्ला काढ म्हणून. तो बिल्ल्याकडे हात नेत होता आणि आईकडे बघून पुन्हा खाली घेत होता. अखेर त्यानं कानातलं यंत्रच उपसून खिशात टाकलं, डोळे गच्च मिटले आणि छाती पुढं काढून उभा राहिला. बायका पुढं सरकल्या. कुणी विळी घेतली, कुणी सुरी. पहिले काप बिघडले, गार्गीनं हात धरून दाखवले. ऊन कलेपर्यंत घरात एकसुद्धा बाई अशी राहिली नाही जिला डोळा काढता येत नव्हता.

उठायच्या वेळी जयमालाताईंनी कुंकवाचा करंडा घेतला. लेकीला कुंकू लावलं. ओटीसाठी कंद हातात घेऊन थांबल्या, कारण गार्गीला पदर नव्हता. गार्गीनं कंपनीचा पांढरा कोट दोन्ही हातांनी पुढं पसरला, खिशावरच्या कंपनीच्या नावासकट.

"बघ, नोकरी गेली तुझी," जयमालाताई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

"गेली. मगाशीच गेली. घाल तू."

जयमालाताईंनी थोरली तिच्या ओटीत घातली. "सांभाळ हिला. आता तुझी पाळी, धाकटे."

खटला अजून चालू आहे, चालू दे. कोर्टाची तारीख असली की सगळा गड एसटीनं पुण्याला जातो आणि डबे सोडून आवारात जेवतो. पण त्यानंतरच्या मार्गशीर्षातली गोष्ट सांगून टाकतो. राखणदार पन्हाळ्यावर आला. पहिल्या अंगणात थोरली दिसली, त्यानं नोंद घेतली. शेजारच्यात दिसली, घेतली. पोस्टाच्या दारात, शाळेच्या कुंपणाला, हॉटेलांच्या गच्च्यांवर, तटबंदीच्या कडेला ठेवलेल्या तुपाच्या डब्यांत, जिकडं तिकडं ताटाएवढी जांभळी फुलं. तो मोजत गेला, घुटमळत गेला, परत फिरायचं विसरला. अखेर चार्जिंग संपलं तसा घरघरत येऊन पोवारवहिनींच्या परसात कोसळला.

वहिनींनी तो उलटापालटा करून पाहिला. पोटाचं झाकण निघत होतं आणि आत चांगली ऐसपैस जागा होती. त्यांनी तळाला भोक पाडलं, माती भरली, आणि मोरीपाशी ठेवून त्यात लालड्या लावला.